डावीकडं ओढणारी गाडी

ताडकळसात बन्सीधर मिस्तरीच्या दुकानात गाडी नेली की तो गाडीकडं आधी बघतच नाही. चालवणाऱ्याला डोक्यापासून बुडापर्यंत न्याहाळतो आणि शेजारच्या आडतीकडं बोट करून म्हणतो, "जा, काट्यावर उभं राहून या." तूर-सोयाबीन तोलायचा काटा तो. त्याच्यावर चढायचं, आकडा बघायचा, येऊन सांगायचा. कुणी म्हणालं, बाबा रे, मला गाडीची पुढची चाकं सरळ करून पाहिजेत, माझ्या वजनाशी तुला काय करायचंय, तर बन्सीधर हातातला पाना खाली ठेवतो आणि विचारतो, "गाडी तुमी चालवणार, का मारुतीराया येऊन चालवणार?"

त्याचं खरं आहे. रिकामी गाडी एक असते आणि माणूस बसलेली गाडी दुसरीच. माणूस बसला की ती बाजू दबते, दबली की चाकाची ठेवण बदलते. ट्रकाला त्याचं काही वाटत नाही, पण हलक्या गाडीला लगेच कळतं. काम तीन-चार तासांचं, तेवढा वेळ चालवणाऱ्याला शिटावर कोंबून ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या वजनाइतकं ओझं शिटावर ठेवायचं आणि मगच सुतळी लावायची. नांदेडला ज्या उस्तादाच्या हाताखाली बन्सीधरनं अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या, त्यानं शिव्यांच्या मधे मधे एवढी एक गोष्ट शिकवली. बन्सीधरनं ती धरली ती धरलीच. परभणीत आता कंप्यूटरवर चाकं लावून देतात. तिथं पडदा असतो, गार हवा असते, बसायला सोफा असतो. बन्सीधरकडं चार लोखंडी तिवया, दोन सुतळ्या, एक ओळंबा आणि एक खडू. तरी पूर्णेपासून सोनपेठपर्यंतचे जीपवाले त्याच्याकडंच येतात, आणि यायच्या दिवशी सकाळी कमी जेवतात.

त्याला कारण तो खडू. चालवणाऱ्याचं वजन बन्सीधर दुकानाच्या भिंतीवर नावासकट लिहून ठेवतो. का, तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारायला नको. पण गावच ते. चहाला टेकलेला माणूस पेपर नंतर वाचतो, आधी भिंत वाचतो. मागच्या सरपंचाचं वजन निवडून आल्यावर दोन वर्षांत एकोणीस किलोनं वाढल्याचं तिथं लेखी होतं, आणि विरोधकांनी भर ग्रामसभेत त्याचा खुलासा मागितला. सरपंचानं भिंत पुसायला माणूस पाठवला. बन्सीधरनं त्या माणसालाही काट्यावर चढवलं, त्याचा आकडा सरपंचाच्या खाली लिहिला आणि चहा पाजून परत पाठवला.

असा हा माणूस. देवाला भीत नाही, सरपंचाला भीत नाही. पण मुलीचं लग्न ठरलं आणि कुणीतरी पाठीचा कणा काढून नेल्यासारखी त्याची गत झाली.

मुलगी वैष्णवी. परभणीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. नवरा मुलगा सोनपेठचा, नाव गोपाळ, शाळेत गणित शिकवतो. अंगानं सुतळीएवढा, आणि समोरचा जरा मोठ्यानं बोलला की चष्मा सारखा करतो. स्थळ रीतसर आलं, बघणं झालं, आणि पुढं ती दोघं फोनवर इतकी बोलायला लागली की बन्सीधरची बायको सरजाबाई म्हणायची, "सगळं आत्ताच बोलून टाकलं तर लगीन झाल्यावर काय एकमेकांची तोंडं बघत बसतेत का?" पण पोरगी खुशीत होती. फोन वाजला की तिचा चेहरा असा काही उजळायचा की बन्सीधरला गलबलून यायचं, आणि तो उगाच टायरची हवा बघायला बाहेर जायचा.

गोपाळचे वडील रंगनाथराव. एकेकाळी कापसाचा मोठा धंदा होता, आता नुसता रुबाब आहे. माणूस मनानं वाईट नाही. पण त्यांचं पोट आधी दारात येतं आणि ते सावकाश मागून येतात. साखरपुड्यात जिलेबीच्या ताटापुढं मांडी घालून त्यांनी जाहीर केलं होतं, "मी आता लय उतरलोय. अठ्ठ्याहत्तर! रोज सकाळी फिरायला जातो." फिरायला जातात हे शंभर टक्के खरं. बसस्टँडवरच्या भज्याच्या गाड्यापर्यंत जातात आणि रिक्षानं परत येतात.

आता नवरदेवाचा बाप बोलला म्हटल्यावर मुलीच्या बापानं काय करायचं असतं? मान हलवायची, हात जोडायचे, पानाचा विडा पुढं करायचा. बन्सीधरनंही मान हलवली. "व्हय की, दिसायलंच," असं म्हणाला. इतकी वर्षं लोकांची वजनं भिंतीवर मांडणारा माणूस, पण म्हणाला.

लग्नाला नऊ दिवस उरले होते तेव्हा, नेमकं बाजाराच्या दिवशी, रंगनाथराव ताडकळसात अवतरले. गाडी घेऊन. आणि गाडी म्हणजे काय गाडी! लाल भडक, दोनच शिटं, डोक्यावर छप्पर नाही, नाक हातभर पुढं आलेलं, स्टेरिंग लाकडाचं, चाकांना सायकलसारखे तारेचे आरे. विलायतेत साठ वर्षांपूर्वी कुण्या शौकिनासाठी बनलेली. तिचा बिल्ला कधीच गळून पडलेला, त्यामुळं कंपनी कोणती हे रंगनाथराव दर वेळी नवीन सांगत. हैदराबादच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात कोंबड्या बसायच्या तिच्यात, तिथून त्यांनी ती आणली आणि तीन वर्षं तिच्यापायी घर डोक्यावर घेतलं. भाजी घ्यायला आलेला निम्मा बाजार गाडीभोवती जमला. रंगनाथरावांना तिच्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागली, पण ते हसत हसत उतरले, जणू ती रीतच आहे.

"इवाई," रंगनाथराव म्हणाले. आपल्याकडं व्याह्याला इवाईच म्हणतात. "परण्याला आमाला घोडं नको. आमचा गोपाळ ह्या गाडीत बसून सोनपेठहून थेट तुमच्या मारुतीच्या पाराला येणार. आन् मी सोता चालवणार!"

लोकांनी माना डोलावल्या. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो तो परण्या. घोड्यावरून जातो, जीपमधून जातो, एकदा एकजण जेसीबीच्या तोंडात बसून गेला होता. पण अशी लाल गाडी कुणी बघितली नव्हती.

"पण एक भानगड हाय," रंगनाथराव म्हणाले. "ही डावीकडं ओढायली. सारखं उजवीकडं ताणून धरावं लागतंय, खांदे भरून यायलेत. तुमी म्हणजे ह्यातले देव. करा सरळ."

बन्सीधरचा हात सवयीनं वर गेला. बोट आडतीकडं वळायला लागलं. आडतवाला माऊली काट्यावरचं पोतं बाजूला सारून तयारच होता, आणि बाजार गप्प झाला. रंगनाथरावांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर त्यांच्या ओळखीची सात-आठ नावं होती, आकड्यांसकट. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"अठ्ठ्याहत्तर लिहा," ते म्हणाले. "आपसात काय काटा लावायलाव?"

माऊलीला ठसका लागला. बन्सीधरचं बोट हवेतच राहिलं. समोर नवरदेवाचा बाप, आजूबाजूला अख्खं गाव, घरात आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. त्यानं बोट खाली घेतलं, खडू उचलला आणि लिहिलं: रंगनाथराव, ७८. लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली. सरपंचापुढं न वाकलेला हात जिलेबीखाऊ व्याह्यापुढं वाकला होता.

रंगनाथराव एसटीनं गेले आणि बन्सीधर कामाला लागला. शिटावर सोयाबीनचं साठ किलोचं पोतं आणि जीपची एक अठरा किलोची बॅटरी. गाडी दोनदा पुढं-मागं ढकलली, नाकावर हात टेकून खालीवर दाबली, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. दोन्ही अंगांना तिवया उभ्या करून सुतळ्या ताणल्या. चाकाची पुढची कड सुतळीपासून किती आणि मागची किती, हे पट्टीनं मोजायचं. पुढची चाकं एकमेकांकडं नखाच्या जाडीएवढी वळलेली पाहिजेत, जास्त नाही, कमी नाही. चाक वरून आत कललंय का बाहेर, ते ओळंबा सांगतो. कललं असेल तर चाक धरणाऱ्या दांड्याच्या बुडाशी पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या किंवा काढायच्या. बन्सीधरनं जन्मात इतकी नाजूक गाडी हाताळली नव्हती. म्हशीपेक्षा जरा जड, बस. पाना लावला की प्रत्येक नट कसा मऊ फिरायचा! तो तीन तास तिच्याखाली पडून होता आणि मधेच एकदा तिच्याशी बोलला, "काय बाई तू, आन् काय माणसाच्या तावडीत सापडलीस." एकदम सरळ झाली गाडी. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसासाठी एकदम सरळ.

संध्याकाळच्या बसनं वैष्णवी आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, डावीकडच्या शिटावर हात फिरवला आणि भिंतीकडं बघून हसायला लागली.

"आबा, मामांना काट्यावर चढवलंत?" होणाऱ्या सासऱ्याला ती आत्तापासूनच मामा म्हणायची.

बन्सीधर हात पुसत राहिला.

"ह्या शिटावर गोपाळ बसणार हाय," ती म्हणाली. "मामा लय जोरात चालवतेत म्हणतो. तो तर भिऊनच ऱ्हायलाय. मी त्याला सांगितलं, आबांनी चाकं लावलेली गाडी हाय, डोळे झाकून बस. सरळ जाईल ना आबा?"

"जाईल," बन्सीधर म्हणाला.

पोरीनं लगेच विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तिनं दहा प्रश्न विचारले असते, लॅबमध्ये काम करणारी पोरगी ती. बापाच्या शब्दावर तिनं तिथंच गोपाळला फोन लावला. त्या दिवशी बन्सीधरला भाकर गोड लागली नाही.

दोन दिवसांनी रंगनाथराव आले, गाडीत बसले, पिंगळीच्या रस्त्यानं एक फेरी मारून आले. आले ते लालबुंद होऊन. गाडी अजून डावीकडं ओढत होती. ओढणारच. उजव्या अंगाला जेवढं ओझं धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त बसल्यावर उजवं चाक वरून आत कलणार आणि गाडी डावीकडं पळणार. बन्सीधरला हे गाडी बघायच्या आधीच ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती.

रंगनाथरावांना बोलायची सोय होती. ते चहाच्या टपरीसमोर उभे राहून बोलले, चार माणसांत. "येत नसंल तर तसं सांगावं की! आख्ख्या जिल्ह्यात नाव म्हणं! ज्याला दोन चाकं धड लावता येईनात, त्याच्या घरची सोयरीक कशी निभायची? पत्रिका छापल्या म्हून काय झालं? छापलेल्या पत्रिका रद्दीतबी जातात."

हे सरजाबाईच्या कानावर गेलं. ती दुकानात आली तीच पदर खोचून.

"त्यांना वजनाचं काय बोललाव तर बगा," ती म्हणाली. "सात दिवस राह्यलेत. गप ऱ्हावा."

"आगं पण गाडी ओढायली त्याचं कारणच ते हाय!"

"आसू द्या. गाडी त्यांची, वजन त्यांचं. तुमच्या काट्यापायी माझ्या लेकीचं लगीन मोडलं, तर त्याच काट्यावर तुमाला तोलून भंगारात घालीन."

बन्सीधर गप्प बसला. पण डोकं गप्प बसेना. कुणाला न दुखावता खरं वजन काढायची एक युक्ती त्याला सुचली. माणूस गाडीत बसला की टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट कमी होते. रंगनाथरावांना गाडीत बसवायचं, फट बोटांनी मोजायची, ते उतरले की तेवढीच फट होईपर्यंत पोती ठेवत जायची. आकडा कुणाला कळणार नाही, काम होऊन जाईल. तो खुश झाला. चहा मागवला, गाडीतच आणून दिला, म्हणाला, "बसा, बसा इवाई, गाडीत लय शोभायलाव," आणि फडकं पडल्याचं निमित्त करून चाकापाशी वाकला.

पण रंगनाथरावांनी काय दुनिया बघितली नव्हती? मिस्तरी चाकापाशी वाकलेला दिसताच त्यांनी कप ठेवला, दोन्ही हात शिटावर आणि दाराच्या कडेवर टेकले, बूड इंचभर वर उचललं आणि श्वास रोखून बसले. श्वास रोखला की माणूस हलका होतो असा त्यांचा पक्का समज होता. दवाखान्यातल्या काट्यावरही ते तसेच उभे राहत. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, मान ताठ. बन्सीधरनं फट मोजली. फट सांगत होती, माणूस ऐंशीच्या आतबाहेर. बन्सीधर जागचा उठला आणि बघतो तर व्याही जांभळे पडलेले.

"सोडा आता," तो न राहवून म्हणाला.

"काय सोडा?" रंगनाथराव श्वास सोडत म्हणाले.

बन्सीधरनं पाना उचलला. त्यानं चकत्या थोड्या अंदाजानं बदलल्या, जरा जास्तच धरल्या, आणि पुन्हा फेरी मारायची ठरली. ह्या वेळी तो स्वतः डावीकडं बसला.

पिंगळीच्या रस्त्याला लागल्यावर रंगनाथरावांनी पाय दाबला. गाडी सुसाट निघाली. वारं तोंडावर, इंजिनाचा आवाज भारी, आणि क्षणभर बन्सीधरलाही वाटलं, वा रे वा, जिंदगी असावी तर अशी. तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडं लोंबलेला. रंगनाथरावांनी त्याला जागा द्यायला स्टेरिंग जरा ढिलं सोडलं. गाडी तेवढीच वाट बघत होती. ती डावीकडं गेली ती गेलीच. "आवं! आवं!" एवढंच बन्सीधरच्या तोंडून निघालं. एक बाभळ त्याच्या डाव्या कानाजवळून हातभर अंतरावरून सर्रकन मागं गेली, गाडीनं कडेची पाण्याची चारी ओलांडली आणि नुकतंच पाणी दिलेल्या ज्वारीत जाऊन ती गचकन थांबली.

दोघांच्याही अंगावर ज्वारीची पानं. बन्सीधरनं मान वळवून त्या बाभळीकडं बघितलं. मग आपण बसलो होतो त्या शिटाकडं बघितलं. इथंच तो चष्मेवाला पोरगा डोळे झाकून बसणार होता, बन्सीधरच्या शब्दावर. साखरपुड्यापासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"रंगनाथराव, तुमी अठ्ठ्याहत्तर न्हाई!" तो ओरडला. रानातल्या चिमण्या उडाल्या. "नव्वद न्हाई, शंभर बी न्हाई! गाडीत काहीच खोट न्हाई. खोट तुमच्या तोंडात हाय, आन् माझ्या भिंतीवर हाय. म्या लिहिली ती, हलकटावाणी! ही बाभळ बगा. हितं तुमचं पोरगं बसणार हाय. माझा जावई बसणार हाय. लगीन मोडायचं तर खुशाल मोडा. पोरगी रडंल, चार महिने रडंल, मी बघून घीन. पण जन्मभर रडंल आसं काम माझ्या हातून व्हायचं न्हाई!"

रंगनाथरावांनी स्टेरिंग सोडलं. ताठ मानेनं उठून जावं म्हणून त्यांनी दार उघडलं, पण गाडी एवढी खाली, चिखल एवढा ओला, की त्यांना उठताच येईना. दोनदा जोर लावला, दोनदा बुदकन बसले. शेवटी त्यांनी न बघताच हात पुढं केला. बन्सीधरनं तो धरला, पाय रोवले आणि ओढलं. रंगनाथराव बाहेर आले आणि बन्सीधर पाठीवर चिखलात पडला. कुणीही हसलं नाही. त्याच उसाच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून दुकानात आणली. रंगनाथराव घरात आले नाहीत, सरजाबाईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या घेतला नाही, थेट स्टँडवर जाऊन एसटीत बसले.

पाणी न पिता गेले म्हणजे काय, ते सरजाबाईला सांगायला नको होतं. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि रडली. बन्सीधरनं वैष्णवीला सगळं सांगितलं, अठ्ठ्याहत्तरपासून बाभळीपर्यंत. त्याला वाटलं, ही आता लग्नाचं म्हणून आकांत करणार. ती त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आबा, तुमी मला जाईल म्हणला होता."

"व्हय."

"मला खोटं बोललात."

"व्हय बाई. चुकलो." उस्तादाच्या अकरा वर्षांच्या शिव्या एकत्र केल्या तरी त्याला एवढं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. वैष्णवीनंही केला नाही. ती कामाला गेली आणि मोबाईल उलटा ठेवून बसली. सरजाबाई मांडववाल्याला काय सांगायचं ह्याची वाक्यं मनात जुळवत होती. बन्सीधर दुकानात नुसताच बसून होता, समोर लाल गाडी, चाकांना ज्वारीची पानं चिकटलेली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सोनपेठकडनं येणाऱ्या एसटीतून रंगनाथराव उतरले. एकटेच. दुकानाकडं बघितलं नाही, घराकडं बघितलं नाही, थेट आडतीत शिरले. बन्सीधर धावत गेला.

"माऊली, तुमी जरा चहा पिऊन या," रंगनाथराव म्हणाले. "आन् जाताना शटर ओढा."

माऊलीच्या जिवावर आलं, पण तो गेला. रंगनाथरावांनी चपला काढल्या. खिशातला मोबाईल काढला, किल्ल्या काढल्या, पाकीट काढलं, थोडा विचार करून पेनही काढून ठेवला. मग काट्यावर चढले. हात मोकळे, श्वास चालू. बन्सीधरनं आकडा बघितला. तो आकडा आजपर्यंत त्यानं सरजाबाईलाही सांगितलेला नाही, तेव्हा इथं सांगायचा प्रश्नच येत नाही.

रंगनाथराव उतरले आणि तुरीच्या पोत्यावर बसले.

"वीस वर्षं झाली इवाई," ते म्हणाले, "मला घरात कुणी खरं बोललं न्हाई. गोपाळची आई बबिता म्हणती, वाळलाव तुमी, आजून एक पोळी घ्या. डॉक्टर म्हणतो, थोडं कमी करा. थोडं! पोरं तर काहीच बोलत न्हाईत, भितेत मला. परवा घरी गेलो तर गोपाळ दारात उभा. इचारतो, आण्णा, गाडी नीट झाली का? मी बसू ना? आसं इचारलं त्यानं." त्यांनी चपला जवळ ओढल्या. "त्या बाभळीचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई हो. तुमच्या आलं. पोरगं माझं, आन् ध्यानात तुमच्या आलं."

बन्सीधर माठाकडं गेला. त्यानं तांब्याभर पाणी आणून पुढं केलं. रंगनाथराव गटागटा प्याले.

"ते अठ्ठ्याहत्तर पुसा," मग ते म्हणाले. "खरा लिहू नका म्हणजे झालं."

बन्सीधरनं ओल्या फडक्यानं पुसलं. मग पोती आणली, बॅटरी आणली, दुसरी बॅटरी आणली, तरी कमी पडलं म्हणून सरजाबाईचा पाटा आणून ठेवला. सरजाबाई दारात उभी राहून बघत होती. व्याही पाणी प्याले हे कळल्यापासून तिला पाट्याचं काहीच वाटत नव्हतं. सुतळ्या ताणल्या, ओळंबा सोडला, डोळा लावला. तिन्हीसांजेला वैष्णवी बसमधून उतरली तेव्हा बाप गाडीखाली होता आणि होणारा सासरा बाहेर स्टुलावर बसून त्याला एकेक पाना देत होता, दर वेळी चुकीच्या नंबरचा. तिनं बापाच्या पायाशी वाकून विचारलं, "आबा, किती ठेवलंय शिटावर?"

"जेवढं पायजे तेवढं," गाडीखालून आवाज आला. "खरं."

तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि मागच्या अंगणात गेली ती तासभर आलीच नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून बन्सीधर गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. नवा फेटा, नवं धोतर, शेजारी सरजाबाई ओवाळणीचं ताट घेऊन, मागं बँडवाले. लोक म्हणाले, मिस्तरी, मांडवात चला, पाहुणे आलेत. हा हलेना. त्याचा जीव टांगणीला लागला होता. सुतळी खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मधे साठ-सत्तर किलोमीटर रस्ता होता आणि रस्त्याला कितीतरी बाभळी होत्या.

मग लांबून तो आवाज आला, आणि वळणावर लाल ठिपका दिसला. रस्ता तिथून गावापर्यंत सरळ आहे. गाडी मोठी होत आली. डावीकडं गोपाळ, मुंडावळ्या वाऱ्यावर उडताहेत, एका हातानं चष्मा धरलेला, आणि चक्क हसतोय. उजवीकडं रंगनाथराव, अबोली फेटा, ऐटीत.

रंगनाथरावांनी व्याह्याला बघितलं. नवरदेवाचा बाप मुलीच्या बापाला आधी हात जोडत नसतो. त्यांनी स्टेरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि चालत्या गाडीत, सगळ्या गावासमोर, बन्सीधरला हात जोडले.

बँडवाले वाजवायचे थांबले. सरजाबाईनं ताट एका हातात घेतलं. "आवो, हात जोडा की!" ती बन्सीधरला ढोसत म्हणाली. "इवाई हात जोडायलेत, दिसंना का तुमाला?"

बन्सीधरला दिसत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तरीही ते गाडीच्या पुढच्या दोन चाकांवरून हलत नव्हते, आणि चाकं रस्त्याच्या मधोमध सरळ येत होती.